नांदायला न गेलेली : डॉ. रखमाबाई

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

आमच्या गावात लग्न झालेल्या मुलीविषयी एकच प्रश्न विचारला जातो. ती नांदते ना? नांदते असे सांगितले की विचारणाऱ्याचे समाधान होते. कशी नांदते, कोणाच्या मारात नांदते, रात्री जेवून झोपते की उपाशी झोपते, हे कोणी विचारत नाही. लेक दिल्या घरी सुखी असते, असे मानायची आमच्याकडे रीत आहे.

यंदा इतिहासाच्या सरांनी एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्र या विषयावर प्रत्येकाला एक व्यक्ती निवडून निबंध लिहायला सांगितला. यादीत फुले होते, रानडे होते, आगरकर होते. मी रखमाबाई हे नाव घेतले, कारण माझ्या आजीचे नाव रखमा आहे. याहून मोठे कारण नव्हते, हे प्रामाणिकपणे कबूल करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. ग्रंथालयात पुस्तक कसे शोधायचे हेही मला गेल्या वर्षी शिपाईमामांनी शिकवले. पण रखमाबाईंचे चरित्र वाचू लागले आणि दुसऱ्याच दिवशी ते मिटून ठेवावे लागले. कारण त्यातून मला माझी आत्या दिसू लागली.

ती गोष्ट आधी सांगते. मी सहावीत होते. बाजाराच्या दिवशी दिवेलागणीला आत्या दारात आली. हातात एक कापडी पिशवी, बरोबर चौदा वर्षांची मुलगी, म्हणजे माझी ताई. आत्याचा डावा डोळा काळानिळा पडला होता. आजीने हळद गरम करून लावली आणि कोणी काही विचारले नाही. तिसऱ्या दिवशी ओसरीवर भावकीतली चार माणसे बसली, आत्याच्या सासरचे दोघे आले, चहा झाला. पुन्हा असे होणार नाही असे त्यांनी सांगितले आणि आमच्याकडच्यांनी ते मान्य केले. आजीने आत्याची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सारे रीतसर झाले. एस.टी. स्टँडपर्यंत आत्याची पिशवी मी उचलून नेली. मोठ्या माणसांनी काम सांगितले याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. ताई मागून चालत होती. ती काही बोलली नाही.

त्यानंतर आत्या आणखी दोनदा आली आणि दोन्ही वेळा अशीच ओटी भरून परत गेली. मग ती यायची थांबली. आमच्या घराने मानले की आता सगळे सुरळीत झाले.

आता रखमाबाईंकडे येते.

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. रखमा दोन-अडीच वर्षांची असताना वडील वारले. तेव्हा जयंतीबाईंचे वय होते सतरा. म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेली मुलगी विधवा झाली होती आणि तिच्या कडेवर मूल होते. त्यांच्या सुतार समाजात विधवेच्या लग्नाला मनाई नव्हती. सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. हे गृहस्थ साधे नव्हते. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. 1883 साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत जे दोन भारतीय होते, त्यांपैकी ते एक. अशा विद्वान माणसाच्या घरात रखमा वाढली.

तरीही वयाच्या अकराव्या वर्षी तिचे लग्न लावण्यात आले. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीस, डॉक्टरांच्याच नात्यातला. आईला स्वतःला बालविवाहाचे आणि वैधव्याचे चटके बसले होते, घरात सुधारक डॉक्टर होता, तरी मुलीच्या बाबतीत तेच घडले. हे वाचताना मला फार आश्चर्य वाटले नाही. ज्या बाईने सोसले ती आपल्या मुलीला सोसू देणार नाही, असे आपण समजतो. पण सोसणे हीच रीत होऊन बसली की ती आईकडून मुलीकडे दागिन्यासारखी जाते.

लग्नानंतर रखमेची शाळा सुटली. ती माहेरीच राहिली. ठरले असे होते की दादाजीने सासऱ्यांच्या घरी राहावे, शिकावे, काही बनावे. त्याचा खर्च डॉक्टर करणार होते. पण दादाजीला शिक्षणाची गोडी नव्हती. विशीत आलेल्या तरुणाला लहान मुलांबरोबर शाळेत बसणे नकोसे झाले. रखमा वयात आल्यावर पतिपत्नींनी एकत्र यावे असा आग्रह सुरू झाला. या ठिकाणी डॉ. सखाराम अर्जुन ठामपणे आडवे आले. इतक्या कोवळ्या वयात मुलीच्या शरीराचे काय होते हे त्यांना डॉक्टर म्हणून ठाऊक होते. त्यांनी परवानगी दिली नाही. दादाजी रुसला, घर सोडून मामाकडे राहायला गेला, तिथे वाईट संगतीला लागला, कर्जात बुडाला. त्या घरचे वातावरणही चांगले नव्हते. बायको मात्र त्याला तिथे नांदायला हवी होती.

रखमेने जायचे नाकारले.

मधल्या काळात तिने जे केले ते आपण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. शाळा नव्हती, म्हणून ती घरीच वाचत असे. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून ती इंग्रजी शिकली. आईबरोबर प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागली. नकार द्यायला शब्द लागतात आणि ते शब्द तिने असे एकेक करून मिळवले. माझी आत्या चौथीपर्यंत शिकली. तिच्याजवळ मार दाखवायला काळानिळा डोळा होता, सांगायला शब्द नव्हते.

मार्च 1884 मध्ये दादाजीने वकिलामार्फत डॉक्टरांना नोटीस पाठवली आणि पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. मागणी अशी, की माझी पत्नी माझ्या ताब्यात द्यावी. या दाव्याला कायद्यात वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना असे भारदस्त नाव आहे. रखमेला वडिलांकडून आलेली मिळकत होती. खरा डोळा तिच्यावर आहे असे एक पक्ष म्हणे. त्या मिळकतीपायी माहेरचेच लोक मुलीला अडवून धरतात असे दुसरा पक्ष म्हणे. बाईला स्वतःचे मन असू शकते, ही शक्यता मात्र फार थोड्यांना सुचली.

दावा उभा राहण्याआधीच रखमाबाईंवर मोठा घाव पडला. एप्रिल 1885 मध्ये डॉ. सखाराम अर्जुन वारले. ज्याच्या आधारावर मुलगी उभी होती तो आधार गेला. आमच्याकडे असे झाले असते तर चार जणांनी समजूत घालून तिला पोचती केले असते. पण आई ठाम राहिली, घरचे दार बंद झाले नाही. त्याच वर्षी जून महिन्यात टाइम्स ऑफ इंडियामध्ये एका हिंदू स्त्रीचे पत्र छापून आले. त्यात बालविवाहाने बाईचे काय होते हे आतल्या माणसाने सांगावे तसे सांगितले होते. शिक्षण तुटते, मन खुंटते, पुरुषापेक्षा बाईचे नुकसान कितीतरी अधिक होते, आणि लिहिणारी स्वतः त्यातलीच एक आहे, असा त्याचा आशय. सप्टेंबरमध्ये विधवांच्या स्थितीवर दुसरे पत्र आले. खाली नाव नव्हते. लिहिणारी होती वीस वर्षांची रखमाबाई.

21 सप्टेंबर 1885 रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला. हे लग्न मुलगी अजाण असताना झाले, दोघे कधी एकत्र राहिलेले नाहीत, आता सज्ञान झालेल्या स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध त्या पुरुषाकडे राहायला भाग पाडणे हा जुलूम होईल, असे त्यांचे मत पडले. दावा फेटाळला गेला.

मग वादळ उठले. वर्तमानपत्रांत महिनोन् महिने याच विषयावर लिहिले जात होते. बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. उलट बाजूला केसरी आणि मराठा होते. परक्या सरकारच्या कोर्टाने आमच्या धर्मात, आमच्या घरात हात घालू नये, असे लोकमान्यांचे म्हणणे होते. लोकमान्य टिळक आम्हां सर्वांना वंदनीय आहेत. शाळेत मी त्यांच्यावर भाषण करून बक्षीसही मिळवले आहे. म्हणून हे वाचताना मन खिन्न झाले. देशाच्या स्वातंत्र्याचा एवढा विचार करणाऱ्या माणसाला एका मुलीचे स्वातंत्र्य का दिसले नसेल? सरांना विचारले तेव्हा ते म्हणाले की थोर माणसांचाही हिशेब मांडावा, म्हणजे आदर डोळस होतो. ते मला पटले.

दादाजीने अपील केले. मार्च 1886 मध्ये वरच्या न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला आणि प्रकरण पुन्हा सुनावणीला पाठवले. 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा दिली, की रखमाबाईंनी नवऱ्याकडे राहायला जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

इथे मी वाचायची थांबले होते. बावीस वर्षांची मुलगी, सबंध मुंबई तिच्याविषयी बोलते आहे, तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवते आहे, आणि ती नवऱ्याच्या घरापेक्षा तुरुंग बरा असे सांगते. तिला धाडसी म्हणून आपण मोकळे होतो. पण मला वाटते, धाडस हा शब्द अर्धाच आहे. तुरुंगातून सुटल्यावर परत यायला आपले घर आहे, हे तिला ठाऊक होते. माझ्या आत्यात धाडस कमी नव्हते. मार खाऊन, मुलीला घेऊन, रात्रीच्या आधी दोन गाड्या बदलून ती तीन वेळा आमच्या दारात आली. तिच्यात धाडस होते, आमच्या दारात नव्हते.

पुढे तुरुंगाची वेळ आली नाही. जुलै 1888 मध्ये तडजोड झाली. दादाजीने 2000 रुपये घेतले आणि हुकूमनामा बजावण्याचा हट्ट सोडला. लग्न मात्र कायद्याने मोडले नाही. घटस्फोटाची वाट त्या वेळी हिंदू स्त्रीला नव्हती. रखमाबाई तडजोडीने सुटल्या, न्यायाने नव्हे. पण त्यांचा खटला वाया गेला नाही. संमतिवयाच्या चर्चेला त्याने धार आली. बंगालमध्ये फुलमणी दासी ही अवघ्या दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली. या साऱ्याचा परिणाम म्हणून 1891 मध्ये कायदा झाला आणि संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले गेले. दोन वर्षे ही काही मोठी वाढ नव्हे. पण लग्न झाले म्हणजे मुलीच्या शरीरावर वाटेल तो हक्क मिळाला असे नाही, एवढे तरी सरकारदरबारी लिहिले गेले.

सुटका झालेल्या बाईने पुढे काय करावे, हा प्रश्न खरा अवघड असतो. रखमाबाईंनी डॉक्टर व्हायचे ठरवले. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना धीर दिला, पैसे उभे करायला मदत केली. 1889 मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि स्त्रियांसाठी असलेल्या लंडनच्या वैद्यक विद्यालयात दाखल झाल्या. 1894 मध्ये शिक्षण पूर्ण झाले. परत येऊन त्यांनी 1895 पासून सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात काम सुरू केले. पुढे राजकोटच्या जनाना इस्पितळात त्या प्रमुख होत्या. सुमारे 35 वर्षे त्यांनी बायकांवर उपचार केले. पुरुष डॉक्टरला हात दाखवायला लाजणाऱ्या, बाळंतपणात जीव गेला तरी घराबाहेर न पडणाऱ्या बायका त्यांच्याकडे येत. स्वतः नांदायला गेल्या नाहीत, पण ज्या नांदत होत्या त्यांची शुश्रूषा त्यांनी आयुष्यभर केली. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडदा पद्धतीविरुद्ध पुस्तिका लिहिली. 25 सप्टेंबर 1955 रोजी, नव्वदीत, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मला अजून टोचते. 1904 मध्ये दादाजी वारला आणि रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली. ज्या लग्नाला त्यांनी कधी मानले नाही त्याचे वैधव्य मात्र त्यांनी अंगावर घेतले. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला राग आला. मग आजीला विचारले. आजी म्हणाली की बाईचा पिंड एका जन्मात बदलत नाही, अर्धा बदलला तरी पुष्कळ झाले. आजी शाळेत गेलेली नाही. पण या वाक्यापुढे मला काही सुचले नाही.

ज्या वर्षी रखमाबाई वारल्या, त्याच 1955 साली हिंदू विवाह कायदा झाला. त्याने घटस्फोटाची वाट खुली केली. पण ज्या दाव्याने त्यांना कोर्टात ओढले तो दावाही त्याच कायद्याच्या कलम 9 मध्ये आला आणि आजही तिथे आहे. फरक एवढाच, की आता न गेल्याबद्दल तुरुंग नाही आणि असा दावा बायकोलाही लावता येतो. 2005 साली घरातील हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून तो लागू झाला. मारहाणच नव्हे, तर अपमान, उपासमार, पैसे अडवणे यांनाही तो हिंसा म्हणतो. बाईला राहत्या घरातून हाकलता येत नाही असे तो सांगतो. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. हे सारे मला निबंधामुळे कळले. आमच्या ओसरीवर बसणाऱ्या चार माणसांपैकी एकालाही ते माहीत नव्हते.

आता शेवटची गोष्ट. गेल्या दिवाळीनंतर माझी ताई आमच्या दारात आली. तीच ताई, जी त्या दिवशी मागून चालत होती. लग्नाला तीन वर्षे झाली होती. पहिल्या महिन्यापासून मार होता, पण तिने कोणाला सांगितले नाही. का नाही सांगितले असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली की सांगून काय होते हे तिने लहानपणी पाहिले होते.

आठ दिवसांनी सासरची माणसे आली. तीच ओसरी, तसाच चहा. अण्णा, म्हणजे माझे वडील, खाली मान घालून बसले होते. आत आजीने सवयीने सुपात नारळ आणि तांदूळ काढले. तेवढ्यात आत्या, जी त्याच सकाळी गाडीने आली होती, उठली आणि तिने ते सूप फडताळावर ठेवून दिले. मग ती ओसरीच्या दारात जाऊन उभी राहिली. पुरुषांच्या बैठकीत ती जन्मात कधी बोलली नव्हती. ती एवढेच म्हणाली, की तीन वेळा माझी ओटी भरलीत, माझ्या लेकीची भरू देणार नाही. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अण्णा म्हणाले की पोर तिच्या मनाला येईल तोवर इथे राहील. पाहुणे निघून गेले.

त्या आठ दिवसांत रोज रात्री मी आजीला आणि ताईला माझा निबंध वाचून दाखवत असे. अण्णा बाहेर बाजेवर पडलेले असत. त्यांनी तो ऐकला का, हे मी विचारलेले नाही. डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात अकरा वर्षांच्या मुलीचे लग्न लागले होते, आणि त्याच घराने पुढे तिला परत पाठवले नाही. चूक केलेल्या माणसालाही दार उघडता येते, हे मला त्या चरित्रातून कळले आणि मग आमच्या घरी दिसले.

ताईने सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसायचे ठरवले आहे. तालुक्याला संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायला गेलो तेव्हा कागदांची पिशवी माझ्याच हातात होती. पुढे काय होईल ते होईल. गावात अजून अण्णांना विचारतात, भाची नांदते ना? अण्णा सांगतात, ती घरी आहे.

रखमाबाईंनी आपली पत्रे नाव न घालता छापली. त्यामागे काय काय असेल ते आता मला थोडे समजते. या लेखावर मीही नाव घातलेले नाही, कारण गोष्ट माझ्या एकटीची नाही. वाचणाऱ्या मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती, की आपापल्या घरी कोणी लेक परत आली तर आधी तिला जेवायला वाढा आणि ओटीचे सूप खाली काढू नका. या थोर स्त्रीला माझे विनम्र अभिवादन.